संशोधनासाठी पैसे कोणाकडे आणि कसे मागावेत?

प्रश्न: मी गेली अकरा वर्षे एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात काम करते. पक्षाघाताचे रुग्ण आमच्याकडे असतात तोवर नेटाने व्यायाम करतात. घरी गेले की महिना-दीड महिन्यात व्यायाम सुटतो आणि कष्टाने मिळवलेली चाल पुन्हा मंदावते. दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टने फोन केला तर ही घसरण थांबेल का, याचा रीतसर अभ्यास करावा अशी माझी इच्छा आहे. तीन केंद्रे, ३०० रुग्ण आणि चार वर्षे असा प्रस्ताव करून मी दोन अनुदान संस्थांकडे पाठवला. दोन्हीकडून नकार आला. एका परीक्षकाने लिहिले, की प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु हा अभ्यास अर्जदाराच्या हातून पार पडेल याचा आधार दिसत नाही. आता सहकारी म्हणतात, लोकांकडून पैसे उभे कर. सध्या माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका रुग्णाच्या मुलाने स्वतःहून मोठी देणगी देऊ केली आहे. चालण्याच्या सरावाचे यंत्र बनवणारी एक कंपनी यंत्र आणि पैसे दोन्ही द्यायला तयार आहे. अभ्यासात त्यांचे यंत्र असावे एवढीच तिची अट आहे. खरे सांगायचे तर पैसे मागण्याचाच मला फार संकोच वाटतो. मी काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी आधी घेते, कारण बाकीची अडचण बहुधा तिथूनच सुरू झाली आहे. मागण्याचा संकोच असला की माणूस एकदाच मागून मोकळे व्हायला बघतो, आणि एकदाच मागायचे म्हणून भरपूर मागतो. तुमचा ३०० रुग्णांचा प्रस्ताव वाचताना मला तसेच वाटले. संशोधनाचा पैसा मात्र टप्प्याटप्प्यानेच मिळतो. पहिल्या छोट्या रकमेचे काय केले हे दाखवल्यावर दुसरी, मोठी रक्कम मिळते. म्हणून माझा मुख्य सल्ला एवढाच आहे: सध्या तुमचा प्रश्न लहान करा, त्याला लागेल तेवढेच मागा, आणि ज्याला नाही म्हणणे अवघड जाईल अशा कोणाकडेही मागू नका.

संकोचाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. आपल्या विषयाची वाढच लोकांच्या लहान लहान देणग्यांतून झालेली आहे. १९३८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी पोलिओविरुद्धच्या कामासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली, तेव्हा सामान्य माणसांनी दहा-दहा सेंटची नाणी पाकिटात घालून थेट व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवली होती. ‘मार्च ऑफ डाइम्स’ (डाइम म्हणजे दहा सेंटचे नाणे) या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या निधीतून पोलिओग्रस्तांचे उपचार झाले, फिजिओथेरपिस्टांच्या शिक्षणाला मदत झाली, आणि १९५५ साली परिणामकारक ठरलेल्या जोनास साल्क यांच्या लसीच्या संशोधनालाही पैसे मिळाले. पुढे १९७९ साली अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या व्यावसायिक संघटनेच्या पुढाकाराने केवळ या विषयातल्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले. त्याच्यासाठी तिथल्याच मार्केट (Marquette) विद्यापीठातल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस निधी जमवायला सुरुवात केली, इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना त्यात चढाओढीने सामील करून घेतले, आणि ती प्रथा पुढे अनेक वर्षे चालू राहिली. विद्यार्थ्यांनी ज्या कामासाठी हात पसरले, त्यासाठी तुम्ही लाजण्याचे कारण नाही. पैसा तुमच्या घरी जाणार नाही.

हे असे का करावे लागते, तेही मनात स्पष्ट असू द्या, कारण देणगीदार तुम्हाला नेमके तेच विचारतील. नवी गोळी निघाली की तिच्या चाचणीचा खर्च करायला ती विकणारी कंपनी पुढे येते. व्यायामाचे पेटंट कोणी घेत नाही. आठवड्याच्या फोनमधून कोणाला नफा होत नाही. त्यामुळे आपल्या प्रश्नांना पैसा मिळतो तो सरकारी संशोधन संस्था, विद्यापीठे व रुग्णालयांचे अंतर्गत निधी, आपल्या व्यावसायिक संघटना, एखाद्या आजाराला वाहिलेल्या धर्मादाय संस्था आणि साधी माणसे यांच्याकडूनच. ‘हा अभ्यास बाजार करणार नाही’ हे वाक्य तुमच्या प्रत्येक अर्जात आणि प्रत्येक आवाहनात असायला हवे, कारण ते खरे आहे आणि ऐकणाऱ्याला लगेच पटते.

दुसरा प्रश्न हमखास येईल तो असा, की फोन केल्याने फायदाच होणार, मग अभ्यासावर खर्च कशाला? याला उत्तर म्हणून मी नेहमी पक्षाघाताच्याच एका मोठ्या चाचणीचे उदाहरण देते. पक्षाघातानंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त वेळा उठवून चालवावे तितके चांगले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत असे. ‘अव्हर्ट’ या चाचणीत पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर ही कल्पना तपासली गेली. २०१५ साली निष्कर्ष आले, तेव्हा चोवीस तासांच्या आत वारंवार उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५० टक्के निघाले. चांगल्या हेतूने केलेली घाई थोडी नडली होती. फोनने रुग्ण नेटाने व्यायाम करील, हे शक्य आहे. फोनची वाट पाहत स्वतःहून करणे सोडून देईल, हेही शक्य आहे. मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला पैसे लागतात.

आता परीक्षकाच्या शेऱ्याकडे वळू. मी स्वतः अनेक वर्षे अनुदानाचे अर्ज तपासले आहेत, त्यावरून सांगते की हा शेरा वाईट नाही. नकाराच्या पत्रात ‘प्रश्न महत्त्वाचा आहे’ असे कोणी उगाच लिहीत नाही. त्याला हवे होते ते चार आकडे: तुमच्या विभागात महिन्याला किती पक्षाघाताचे रुग्ण येतात, त्यांपैकी किती जण अभ्यासाच्या अटींत बसतात, त्यांपैकी किती जण संमती देतात, आणि सहा महिन्यांनी किती जण चालण्याच्या मोजणीसाठी परत येतात. पहिले दोन आकडे तुमच्या विभागाच्या नोंदवहीत आजच पडून आहेत आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. उरलेले दोन मिळवण्यासाठी छोटा प्राथमिक अभ्यास करावा लागेल, आणि तुमची पहिली मागणी तेवढ्यापुरतीच असावी.

असा अभ्यास किती लहान असू शकतो, ते हिशेबाने पाहू. समजा, ३० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १५-१५ च्या दोन गटांत विभागले. एका गटाला बारा आठवडे दर आठवड्याला फोन, दुसऱ्याला घरी जाताना मिळणारी नेहमीची सूचनापत्रिका. फोन झाले १८०. प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर ६० तास. प्रत्येक रुग्णाची मोजणी तीनदा, म्हणजे ९० मोजण्या. प्रत्येकीला सव्वा तास धरला तर सुमारे ११३ तास. यावर नोंदी भरण्याचा वेळ, न लागलेले फोन पुन्हा लावण्याचा वेळ, संख्याशास्त्रज्ञाचे काही दिवस आणि रुग्णांचा जाण्यायेण्याचा खर्च. हा सगळा मिळून एका माणसाच्या अर्धवेळ कामाचे काही महिने होतात. एवढी रक्कम रुग्णालयाच्या अंतर्गत संशोधन निधीतून किंवा व्यावसायिक संघटनेच्या छोट्या अनुदानातून मिळणे अगदी शक्य कोटीतले आहे.

त्या सव्वा तासात काय होते, हे अर्ज लिहिताना डोळ्यांसमोर आणा, कारण अंदाजपत्रकातली बहुतेक चूक तिथेच होते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीला तीस मीटरचा मोकळा, सपाट मार्ग लागतो, दोन्ही टोकांना शंकू ठेवावे लागतात, जवळ खुर्ची असावी लागते. रुग्ण येतो तो धापा टाकतच. आधी त्याला बसवून विश्रांती द्यावी लागते, नाडी आणि रक्तदाब पाहावा लागतो. मग चालणे, थांबला तर वेळ चालूच ठेवणे, शेवटी जिथे पाऊल पडले तिथे खूण करून अंतर मोजणे. एवढे सगळे होईपर्यंत मोजणाऱ्या व्यक्तीला रुग्ण कोणत्या गटातला आहे हे कळता कामा नये. आणि नेमके बुटांची नाडी बांधताना रुग्ण कृतज्ञतेने म्हणतो, ‘त्या बाईंचा दर सोमवारी फोन येतो हो, फार बरे वाटते.’ झाले, गुपित फुटले. माझ्या पहिल्या अभ्यासात असे इतक्यांदा घडले, की शेवटी तो भाग निष्कर्षांतून वगळावा लागला. म्हणून मोजणीसाठी तुमच्याखेरीज वेगळा माणूस हवा, त्याचे मानधन अंदाजपत्रकात हवे, आणि मोजणीआधी रुग्णाला याबाबत काही न बोलण्याची विनंती दुसऱ्या कोणी तरी करायला हवी. हा तपशील अर्जात दिसला की परीक्षकाला कळते, की हे काम केलेल्या माणसाने लिहिले आहे.

इथे एक मोह टाळा. ३० रुग्णांवरून ‘फोनचा उपयोग होतो’ असे सिद्ध करण्याचे आश्वासन देऊ नका. मध्यम आकाराचा फरक, म्हणजे प्रमाणित विचलनाच्या (रुग्णांचे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याच्या मापाच्या) निम्म्याइतका, नेहमीच्या निकषांनी पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ रुग्ण लागतात. वीस टक्के जण मध्येच गळतील असे धरले तर एकूण १६० घ्यावे लागतात. फरक त्याहून लहान असेल तर संख्या झपाट्याने वाढते. प्राथमिक अभ्यास हा पुढचा मोठा अभ्यास करता येईल का, हे पाहण्यासाठी असतो, आणि अशा अभ्यासांचे वृत्त कसे लिहावे यासाठी ‘कन्सॉर्ट’ या चाचण्यांच्या वृत्तलेखनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांची वेगळी नियमावली २०१६ सालापासून उपलब्ध आहे. अर्जात आधीच लिहून टाका: ठरलेल्या मुदतीत ३० रुग्ण मिळाले, पाचांपैकी चार जण शेवटच्या मोजणीला आले आणि ठरलेल्या फोनांपैकी तीन चतुर्थांश लागले, तर पुढे जाऊ, नाही तर पद्धत बदलू. आपल्या अपयशाची व्याख्या आधी लिहून देणाऱ्या अर्जदारावर विश्वास बसतो.

अर्जाच्या पहिल्या पानावर मेहनत घ्या. पुष्कळदा समितीतल्या सगळ्यांनी वाचलेले तेवढेच पान असते. प्रश्न पहिल्या परिच्छेदात यावा, फोनवर नेमके काय बोलले जाईल ते दुसऱ्यात. ‘समुपदेशन’ या एका शब्दावर भागवू नका: कोण बोलणार, किती वेळ, कोणते प्रश्न विचारणार, व्यायाम वाढवायचा की कमी करायचा हे कशावरून ठरवणार, सगळे लिहा. उपचाराचे वर्णन कसे करावे यासाठी २०१४ ची बारा मुद्द्यांची ‘टायडिअर’ यादी आहे, ती समोर ठेवून लिहिलेत तर काही सुटणार नाही. तुमच्या प्रश्नाला आधारही भक्कम आहे. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने जेम्स लिंड अलायन्स या संशोधनाचे अग्रक्रम ठरवायला मदत करणाऱ्या उपक्रमाच्या साह्याने रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि उपचार करणारे यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरवले आणि २०१८ साली पहिले दहा प्रश्न जाहीर केले. घरी गेल्यावर रुग्णाने उपचारात टिकून राहावे आणि स्वतःची काळजी घ्यावी यासाठी काय केल्याने उपयोग होतो, हा प्रश्न त्या दहांत आहे. हे तुमच्या अर्जात असायला हवे. त्याचबरोबर तुमच्याकडून उपचार पूर्ण करून गेलेल्या दोन-तीन रुग्णांना आराखडा वाचायला द्या आणि त्यांनी काय बदलायला सांगितले तेही लिहा. फोन सकाळी नको, सकाळी घरात धावपळ असते, एवढे जरी एखाद्याने सांगितले तरी तुमचे कितीतरी फोन वाया जाण्यापासून वाचतील.

आता रुग्णाच्या मुलाच्या देणगीबद्दल. हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे. तो मनापासून देत असेल यात मला शंका नाही. तरीही आज ती स्वीकारू नका. त्याचे वडील अजून तुमच्या हाताखाली उपचार घेत आहेत. उद्या त्यांची प्रगती थांबली आणि उपचार बंद करण्याचा सल्ला तुम्हाला द्यावा लागला, तर तो तुम्हाला जड जाईल, आणि त्यालाही वाटेल की पैसे दिले तरी असे का? शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाला कळले, तर आपणही काही दिल्याखेरीज नीट लक्ष मिळणार नाही अशी भीती त्याच्या मनात येईल, आणि ती तो तुम्हाला बोलूनही दाखवणार नाही. उपचार करणाऱ्याने उपचार घेणाऱ्याकडे, किंवा त्याच्या घरच्यांकडे, मागू नये आणि त्यांनी दिले तरी थेट घेऊ नये, ही सीमा मी कधीही ओलांडू देणार नाही. त्याला सांगा, की तुमच्या भावनेचा मी आदर करते. वडिलांचे उपचार संपल्यावरही इच्छा राहिली तर रुग्णालयाच्या देणगी कार्यालयात जा, रक्कम संस्थेच्या खात्यात संशोधनाच्या नावाने जमा करा आणि पावती घ्या. मला त्याबद्दल सांगितले नाहीत तरी चालेल. याच्या वडिलांना अभ्यासात घ्यायचे असेल तर मात्र ही देणगी त्या अभ्यासासाठी नकोच.

लोकांकडून निधी उभा करण्याला माझा विरोध नाही, पण क्रम सांभाळा. संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि चाचणीची सार्वजनिक नोंदणी आधी, आवाहन नंतर. महत्त्वाच्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ सालापासून पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी हवी अशी अट घातली आहे. ती नोंदणी देणगीदारालाही दाखवता येते. आवाहनात रडणाऱ्या रुग्णाचे छायाचित्र नको, बरे करण्याचे वचनही नको. रकमेचे कामात रूपांतर करून सांगा: इतक्यात एका रुग्णाचे बारा फोन होतात, इतक्यात एक मोजणी होते. माणसाला आपल्या पैशाने कोणते काम झाले हे दिसले की तो पुन्हा देतो. ठरलेली रक्कम जमली नाही तर आलेल्या पैशाचे काय करणार, आणि संस्था प्रशासकीय खर्चासाठी किती कापून घेणार, हेही आधीच लिहा. खाते संस्थेचेच असावे. तुमच्या स्वतःच्या खात्यात एकही रक्कम येता कामा नये. आणि आवाहनाचा कागद उपचार कक्षाच्या भिंतीवर लावू नका. पूर्वी उपचार घेतलेल्यांच्या संघटना, पक्षाघाताच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था, महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, सहव्यावसायिक यांच्याकडे जा.

कंपनीच्या प्रस्तावाला माझे उत्तर सरळ नाही असे आहे, आणि त्याचे कारण कंपनीचा हेतू हे नाही. तुमचा प्रश्न फोनचा आहे. यंत्र आत आले की प्रश्न यंत्राचा होतो. तुमची अकरा वर्षांची निरीक्षणे बाजूला पडतात. शिवाय यंत्र आहे म्हणून ते जास्त गुण देईल असे गृहीत धरता येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप्स’ चाचणीत पक्षाघाताचे ४०८ रुग्ण होते. शरीराचा भार दोरांनी उचलून धरून ट्रेडमिलवर चालवण्याचा कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन करून घेतलेले व्यायाम यांची त्यात तुलना झाली, आणि वर्षाअखेरीस यंत्राचा कार्यक्रम सरस ठरला नाही. पुढे कधी यंत्राचाच प्रश्न हाती घ्यावासा वाटला, तर कंपनीचा पैसा घेण्यात पाप नाही. मात्र आराखडा तुमचा, माहिती तुमच्या ताब्यात, विश्लेषण स्वतंत्र संख्याशास्त्रज्ञाचे, आणि निष्कर्ष कसाही आला तरी प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमचा, हे चारही मुद्दे करारात लिहिलेले असल्याशिवाय सही करू नका.

पैसे मिळाल्यावरचे काम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, म्हणून आताच सांगून ठेवते. अभ्यास संपला की प्रत्येक देणगीदाराला आणि भाग घेतलेल्या प्रत्येक रुग्णाला साध्या भाषेत एक पानाचे पत्र पाठवा. फोनचा काही उपयोग दिसला नाही, तरी पाठवा. ते पत्र लिहिण्याचा आणि टपालाचा खर्चही अंदाजपत्रकात आजच धरा.

सध्या दोन्ही जुने अर्ज बाजूला ठेवा. विभागाच्या नोंदवहीतून मागच्या बारा महिन्यांतले पक्षाघाताचे रुग्ण काढा, अटींत बसणारे किती होते ते मोजा, त्यांपैकी किती जणांचे फोन क्रमांक नोंदवहीत अजून चालू आहेत ते विभागाच्या परवानगीने तपासून घ्या. मग नव्या अर्जाचे पहिले पान लिहा आणि ते आकड्यांसह माझ्याकडे पाठवा. मी ते परीक्षकाच्या नजरेने वाचून, जिथे पेन्सिल थांबेल तिथे खूण करून परत करीन.